उभ्याने पाहणाऱ्या गावाची हकीकत

श्रीगजाननास नमन, कुलदैवतास नमन, आणि पाणी गोठविणाऱ्या थंडीसही एक नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, युरोपखंडी एके राज्यात वर्तमान घडले ते ऐसे जे, तेथील रयत पायांस पोलादी पाती बांधोन बर्फावर धावे आणि वाकड्या काठ्यांनी काळी चकती हाणी, आणि चकतीपेक्षा एकमेकांस अधिक हाणी, आणि यास खेळ म्हणे. या खेळाचे सात संघ, सातांची एक लीग, आणि लीगचे धनी श्रीमंत सरकार. सरकारांचे मनी आले की दक्षिणेसही झेंडा लावावा. दक्षिणेस बर्फ फक्त सरबतात पाहतात, ऐसा एकाने अर्ज केला. "उत्तम, म्हणजे ओळख आहे," सरकारांनी फर्माविले.

परंतु सात हा अंक सरकारांस शुभ, आणि नवा संघ घ्यावा तर जुना एक काढणे आले, म्हणोन पाहणीस ह्युबर्टपंत कामदार निघाले. पंतांची रीत एकच, भरलेल्या खुर्च्या मोजाव्या आणि तितके प्रेक्षक लिहावे. मग पंत डोंगरातील एका गावी पावले. तेथे मैदान जुने आणि खुर्ची एकही नाही, कारण पोरे उभ्याने मार खातात तर आपण बसोन पाहणे ही अदब नव्हे, ऐसा गावचा रिवाज. पंतांनी शून्य लिहिले.

तेथील बर्फ चाळीस वर्षे राखणारे ओल्द्रिखबाबा पुसते जाहले, "पंत, ही चार हजार माणसे ओरडतात ती काय भुते?"

"ओरडा ऐकला, बाबा. रकाना खुर्चीचा आहे."

"मग शाळेतली बाके आणू?"

"पाहणी जाहली."

मग हुकूम आला की हंगाम सरताच गावचा संघ काढावा आणि मैदानाचे बर्फ वितळवावे. बाबा झाडू घेवोन मैदानी गेले. कठड्याच्या तिसऱ्या खांबापाशी फळीवर दोन पावलांचे खळगे होते. बाबांची बायको लुडमिला अडतीस वर्षे तेथे उभी राहिली, आणि ती गेलियावर, गर्दी कितीही होवो, तेथे कोणी पाय ठेवीत नसे.

इकडे दक्षिणेच्या शहरी मखमली खुर्च्या दहा हजार मांडल्या आणि बर्फ मात्र रोज दुपारी पातळ होई. तेथील बर्फ राखणारी पाओला म्हणोन होती, तिने बाबांस पत्र धाडिले, आणि बाबांनी पिशवी भरली. गाव संतापले. "आपलं घर मोडणाऱ्याचं अंगण सारवायला निघालास काय रे?"

"बर्फाने काय केलंय?" बाबा बोलिले. "ते बिचारं वितळतंय."

पाओला त्यांस पाहोन रडू लागली. "बाबा, तुमची जागा आम्हांस दिली, आणि मदतही तुमचीच मागते. लाज वाटते."

"लाज नंतर. आधी ते दार लाव, ऊन येतंय. पाणी गरम घे, त्यानेच बर्फ नितळ धरतं, आणि पातळ पातळ घाल, पोरी. घाई केलीस की रुसतं ते."

मग बर्फ आरशासारिखे धरले, आणि हंगाम सरता जागेच्या देवघेवीचा म्हणोन पहिला सामना नेमला तो नव्या शहराचा आणि त्याच गावचा, गावचा अखेरचा. गावकरी बसगाड्या भरोन आले आणि पुढील रांगांत खुर्च्यांपुढे उभे राहिले. "बसा की हो!" मागले ओरडले. "खेळणारे बसलेत का?" गावाने उत्तर केले. मग मागल्यांस दिसेना म्हणोन ते उठले, आणि त्यांचे मागले उठले, आणि ऐसे करिता अवघे दहा हजार उभे जाहले. पुढे चकती जाळ्यात गेली तेव्हा दक्षिणेच्या बायकांनी गावच्या म्हाताऱ्यांस मिठ्या मारिल्या. गोल कोणाचा, हे पुसावयाचे राहिले.

सरकारांनी विचारिले, "पंत, प्रेक्षक किती?"

पंतांनी खुर्च्या दोनदा मोजिल्या. घाम पुसिला. "शून्य, सरकार."

"आणि आम्ही?"

"सरकारही उभेच आहेत."

सरकारांनी मागे आपली रिकामी खुर्ची पाहिली, आणि हसू आवरेना. "उभ्यांचा नवा रकाना आखा," म्हणाले, "आणि गावास परत घ्या. आठ तर आठ."

पुढल्या हिवाळ्यात पाओला गावी सामना पाहावयास आली. मैदान दाटले होते. "बाबा, मी कुठे उभी राहू?"

बाबांनी तिसरा खांब दाखविला. "तिच्या शेजारी."

सारांश, लीग वाढली, बर्फ टिकले, आणि गाव उभे राहिले. ही हकीकत बसोन लिहिली, तेवढी चूक माफ असावी.