पोरगी फार चेष्टा करते

पालकसभेत हिंदीच्या ममता मॅडम म्हणाल्या, "आपकी बेटी बहुत चेष्टा करती है," आणि हिरालालचे कान तापले. पुढं मॅडम शाळेच्या नाटकाबद्दल, त्यातल्या म्हातारीच्या भूमिकेबद्दल बरंच काही बोलल्या. त्यातलं त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. हात जोडून तो बाहेर पडला.

हिरालाल स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. हिंदीत त्याचं कुठं अडत नसे. पण प्लांटमध्ये सगळे कोशिश करत, चेष्टा कोणी करत नसे. घरी मराठी, आणि मराठीत चेष्टा म्हणजे चेष्टा.

"मॅडमची चेष्टा करून राहिली तू?" क्वार्टरमध्ये पाय ठेवताच त्यानं उन्नतीला धरलं.

आज हिंदी विनोदी मालिकांतून लोकांना हसवणारी उन्नती तेव्हा आठवीत होती. आज तिच्याजवळ कुठल्याही प्रश्नाला उत्तर असतं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमाले कोनं सांगतलं?" आणि फसली.

"म्हंजे खरंच हाय!" आई सिंधुताई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. "कावून वं, मास्तरणीची नक्कल करतं?"

"मधल्या सुट्टीतच करतो ना आई!" उन्नती रडकुंडीला आली. "आता मले म्हातारीचा रोल नाही भेटत. एवढी प्रॅक्टिस केली, सारी गेली."

"रोल गेला चुलीत. चाल, माफी माग."

मॅडमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, रुआबांधा वस्तीत होतं. स्कूटरवर मागं बसलेली उन्नती वाटभर नाक ओढत होती. मॅडमनी दार उघडून दोघांना बसवलं.

"मॅडम, ये माफी मांगने आई है। आपकी चेष्टा करती है ना," हिरालाल म्हणाला.

"मेरी चेष्टा?" मॅडम गोंधळल्या.

"हां, सबके सामने। आपकी नकल उतारती है।"

"नकल? मेरी?" मॅडमनी चष्मा नाकावर वर सरकवला. "कैसे?"

उन्नतीनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांसमोर म्हातारीची काठी दुसऱ्याच मुलीच्या हातात गेली होती. माफी मागायला आलेल्या माणसानं निदान गुन्हा तरी नीट सांगावा, असं हिरालालला वाटलं. तो उठला.

"ऐसे, मॅडम."

पालकसभेत त्यानं मॅडमना जेमतेम पाहिलं होतं, पण त्याला तेवढं पुरलं. नसलेला चष्मा त्यानं नाकावर वर सरकवला, मान डावीकडं कलली, आवाज नाकात गेला. "सुनिएऽऽ! मैं एक ही बार बोलूंगी!"

"सुन लिया, ममता!" आतून मॅडमच्या यजमानांचा घाबरा आवाज आला. "गॅस बंद कर दी!"

मॅडम आधी दाराकडं बघत राहिल्या, मग हिरालालकडं, आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "भाई साहब, चेष्टा यानी कोशिश! मैंने तो तारीफ की थी। रोल इसी का है।"

हिरालालला कोशिश समजली. तो मटकन बसला. "फिर माफी?"

"माफी तो अब आप मांगिए।" मॅडम उन्नतीकडं वळल्या. "और तुम? तुम भी ऐसा ही करती हो?"

"नहीं मॅडम," उन्नती खरं बोलली. "इतना अच्छा नहीं आता।"

परतताना स्कूटरवर मागं बसलेली उन्नती हिरालालच्या कानाशी वाकली.

"बाबा, तुमी हे कुठं शिकले?"

"शिकाले काय लागते? तुया मायचीच तर..." हिरालालनं जीभ चावली.

"आईची करता तुमी?"

"घरी सांगजो नोको."

"मग दाखवा."

हिरालालनं स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली, मागंपुढं पाहिलं, आणि शर्टाचं टोक पदरासारखं कमरेला खोचलं.