सुकदेवनाना दमणला जातात

आमच्या गल्लीतले सुकदेवनाना बँकेचा फोन घरात घेत नाहीत. ओट्यावर येतात, स्पीकर चालू करतात आणि म्हणतात, "बोला साहेब, बठ्ठी गल्ली ऐकी ऱ्हायनी!" हप्त्याची आठवण द्यायला फोन करणारा पलीकडचा बिचारा, सगळी गल्ली ऐकतेय म्हटल्यावर, आपोआप आवाज खाली आणतो. मग नानांचं ठरलेलं वाक्य येतं. "कर्ज शे, चोरी थोडीच शे!"

नाना धुळे डेपोतून निवृत्त झालेले कंडक्टर. मुलाच्या, संजूच्या, मोबाईलच्या दुकानासाठी त्यांनी घर गहाण ठेवलं. दुकान बसलं. संजू बायको-मुलीला इथेच ठेवून सुरतेला कामाला गेला आणि हप्ते नानांच्या गळ्यात पडले. बासष्टाव्या वर्षी नाना शाळेच्या बसवर लागले. तिथे सहा वर्षांच्या पोरांनाही ते "पुढे सरका, मधे जागा आहे" म्हणून दटावतात.

या मे महिन्यात त्यांनी ओट्यावरूनच जाहीर केलं, "सगळं घर दमणला चाललं!"

दमण म्हटल्यावर गल्लीत कुणालाच समुद्र आठवला नाही. सगळ्यांना बाटल्याच आठवल्या. मीही शहाणपणा केला, "नाना, अजून तीन वर्षं फेड आहे. तोवर थांबलात तर?"

"एक बी हप्ता चुकना का? नही ना? मंग तुना बापनं काय जास?"

गेले. बायको म्हणजे आमच्या अक्का, सून, नात, सगळ्यांना घेऊन गेले. चार दिवसांनी आले तेव्हा पानवाल्याने डोळा मारून विचारलं, "कशी होती, नाना?"

"एकदम कडक!" नानांनी मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला मोबाईलवर फोटो दाखवला. गुडघाभर पाण्यात संजू उभा होता, खांद्यावर त्याची मुलगी. दोन वर्षं तो दिवाळीलाही आला नव्हता. बापाला या वयात कामाला लावलं, आता गल्लीत कोणत्या तोंडाने येऊ, म्हणायचा. तेव्हा नानांनीच त्याला फोन केला होता : इथे नको येऊ, दमण तुला जवळ आहे, तिथे ये.

मी तडक ओट्यावर गेलो. "नाना, सांगून टाका ना खरं! लोक तुम्हाला पिदाडा म्हणताहेत."

पहिल्यांदाच नाना हळू बोलले.

"म्हनू दे माले. पोऱ्याले कोनी काही बोलाले नको."