शास्त्रीबोवांचं बिनअलंकारी पत्र

आमच्या समोरच्या घरातले शास्त्रीबोवा एकदा काशीच्या पंचगंगा घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि अकरा पायऱ्या गडगडत थेट पाण्याशी पोचले. खालून एक नावाडी ओरडला, "देखा हो, पंडितजी घड़ा जइसन लुढ़कत आवत हउवन!" लोक धावले. शास्त्रीबोवांनी पडल्यापडल्याच एक बोट वर केलं. "उपमा. उपमेय मी, उपमान घडा, 'जइसन' हा वाचक शब्द आणि लुढकणं हा दोघांचा समान धर्म. चारही अंगं शाबूत आहेत." त्यांचा स्वतःचा पाय मात्र मुरगळला होता. पुढे पंधरा दिवस ते लंगडत त्या नावाड्याची तारीफ करत हिंडले.

शास्त्रीबोवा आपल्या ओट्यावर विद्यार्थ्यांना अलंकार शिकवत. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्या ओट्यावरच उघडते. आमची गली इतकी अरुंद की ते तिकडे शिंकले की मी इकडे भांडं झाकते. त्यामुळे लग्न होऊन काशीला आल्यावर वर्षभरात तांदूळ निवडता निवडता माझंही अलंकारशास्त्र होऊन गेलं.

त्यातला मोठा भाग मी दूधवाल्याच्या कृपेने शिकले. तो आला की शास्त्रीबोवा त्याला थांबवून मुलांकडे वळत. "हे दूध पाण्यासारखं आहे, ही उपमा. हे दूध म्हणजे पाणीच, हे रूपक. हे दूध की पाणी, हा ससंदेह. हे दूध नव्हेच, पाणी आहे, ही अपन्हुती. आणि धन्य तुझी म्हैस बाबा, तिच्या पोटी साक्षात गंगामाई, ही व्याजस्तुती. वरून स्तुती, आतून निंदा." दूधवाला शांतपणे विचारी, "पंडितजी, दूध लेबा कि ना?"

व्याजस्तुती समजल्याने माझं नुकसानच झालं. सासूबाई म्हणत, "आमच्या सूनबाई भारी काटकसरी, भाजीत मीठसुद्धा जपून टाकतात." आधी मी हे ऐकून खूश होत असे.

या माणसाला मनू नावाची एकुलती एक मुलगी होती. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून तिची वेणी शास्त्रीबोवाच घालत. तीन पेडांना त्यांनी नावं दिली होती, उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, आणि ती म्हणत म्हणतच ते वेणी गुंफत. वेणी वाकडी व्हायची, पण पोरीला अलंकार पाठ झाले. पुढे तिला झाशीला दिली. तिथून तिचं पत्र आलं, की मुलगा झाला, मला मात्र अजून उठवत नाही. शास्त्रीबोवांनी नातवाच्या मुखचंद्रावर चार पानं लिहून पाठवली. तिच्या दुखण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. शिवाय तिचं पत्रही सोबत परत धाडलं, 'येथे दृष्टान्त शोभला असता' असा शेरा मारून.

मनूचं पत्र पुन्हा आलं नाही. तीन वर्षं झाली. डाकिया गलीत शिरला की शास्त्रीबोवा मोठ्याने शिकवायला लागत आणि तो पुढे निघून गेला की एकदम गप्प होत. मला त्यांचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

एक दिवस ते कागद घेऊन आमच्या दारात आले. "सूनबाई, मनूला बोलवायचंय. जरा ऐका." मग 'कन्यावियोगाच्या वणव्यात होरपळणारा हा जीर्ण वटवृक्ष' इथपासून सुरुवात झाली. दोन पानं झाली तरी वटवृक्ष जळतच होता.

"शास्त्रीबोवा, यात 'ये' कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

"ध्वनित आहे."

"तिला ध्वनित नकोय. तिला बाप हवाय. सगळे अलंकार उतरवा आणि साधं लिहा."

त्यांचा चेहरा असा पडला की मला स्वतःच्या जिभेची लाज वाटली. चार दिवस शिकवणी बंद होती. ओट्यावर फाडलेल्या कागदांचा ढीग साचला. पाचव्या दिवशी ते बादशहाचं तोंड छापलेलं एक पोस्टकार्ड घेऊन स्वतः डाकघरात गेले.

आठवडाभराने सकाळी शिकवणी रंगात आली होती आणि गलीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. मनू. कडेवर पोर, केस सुटलेले, डोळे सुजलेले. ओट्यावर धडधाकट बसलेल्या बापाला पाहून ती जागीच थांबली. मग तिने कनवटीचं कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं.

कार्डावर एवढंच होतं: 'मने, ये. अण्णा.' वर श्री नव्हता. आशीर्वाद नव्हता.

आमच्या लोकांत पत्राच्या माथ्यावर श्री नसला तर वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू होते. तसं पत्र फक्त मृत्यूचं असतं. मनूच्या सासूने ते कार्ड उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. अण्णांनी शेवटचा श्वास धरून ही दोन अक्षरं खरडली, असंच सगळ्यांनी धरलं आणि पोरीला पहिल्या गाडीत बसवलं.

"श्री का नाही लिहिलात, अण्णा?"

"सूनबाई म्हणाल्या, सगळे अलंकार उतरवा. मी उतरवले."

"श्री अलंकार असतो का?"

अलंकारशास्त्र्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मी तर खिडकीखाली बसूनच घेतलं. पुन्हा डोकावले तेव्हा मनू पायरीवर बसून रडता रडता हसत होती, आणि शास्त्रीबोवांनी विद्यार्थ्यांना हाताच्या खुणेने घरी पिटाळलं होतं.

मग ते आतून फणी घेऊन आले आणि तिच्या मागच्या पायरीवर बसले. प्रवासात केसांचा पार गुंता झाला होता. त्यांनी तीन पेड केले. मी कान देऊन होते, पण एकाही पेडाचं नाव ऐकू आलं नाही.

"अण्णा, हळू. ओढतंय," मनू म्हणाली.

"बरं," शास्त्रीबोवा म्हणाले.