पाळक सांबराची चाळीस दिवसांची रजा

एका जंगलात, बाळांनो, देऊळ होतं. जंगलात वाघ असतो ते तुम्हाला सगळे सांगतात. देऊळ असतं ते कुणी सांगत नाही. या जंगलात होतं. कौलांचं होतं, वर क्रूस होता, दाराशी घंटा होती आणि आत बसायला सतरंज्या होत्या.

तिथले पाळक म्हणजे एक सांबर. पाळक म्हणजे रविवारी संदेश देणारा आणि उरलेले सहा दिवस लोकांच्या घरी जाणारा. बाप्तिस्मा असो, लग्न असो, माती म्हणजे दफन असो, कुणी नवं बीळ उकरलेलं असो, पाळकांनी येऊन प्रार्थना केल्याशिवाय तिथे काही पुढे सरकत नसे. कुणीही हाक मारावी, "पाळकसाहेब", की सांबर "आलो" म्हणून उठायचे. जेवत असले तरी उठायचे. एकोणीस वर्षं उठले.

मग ते थकले.

नीलगायीच्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवरा-नवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि "मातीला माती" म्हणाले. नवरीकडची मंडळी भली होती. त्यांनी "आमेन" म्हटलं. पण जेवताना विषय निघालाच.

त्यानंतर आवाज बसला. अस्वल वैद्याने घसा पाहिला आणि सांगितलं की चाळीस दिवस गप्प पडून राहा, नाहीतर हा गळा पुन्हा चालायचा नाही. आता बघा, आवाज नसलेला पाळक कोण ठेवतो? आणि राहायचं घर तर देवळाचं. पाळकीणबाईंना ही काळजी लागली.

पंचांची सभा बसली. मुख्य पंच थोमाजी गवा. मोठा देह, मोठं मन. तो म्हणाला की देवानेसुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला, मग आपल्या पाळकांनी का घेऊ नये. सगळ्यांनी माना हलवल्या. चाळीस दिवसांची रजा ठरली. साळिंदर सेक्रेटरी होतं. त्याने अंगावरचा एक काटा उपटला आणि ठराव लिहिला. नदीपलीकडे उंबराखाली पाळकांनी पडून राहावं, कुणी तिकडे फिरकू नये, असं त्यात स्पष्ट होतं.

पाळकीणबाईंनी गाठोडं बांधलं.

पण त्या मंडळीत एक रीत होती. कुणाला नदी ओलांडून जायचं झालं, तर त्याला घरी बोलवायचं, निरोपाची प्रार्थना करायची, चहा-चिवडा द्यायचा. तसंच कसं पाठवायचं? थोमाजीने पहिल्या दिवशी बोलावलं. मुख्य पंचाच्या घरी पाळक गेले, मग मुंगसाच्या घरी का नाही, असं झालं. मुंगसाकडे गेल्यावर सशाला वाईट वाटलं असतं. सशाकडे गेल्यावर ससाणा म्हणाला की आम्ही काय मंडळीत नाही काय.

आणि प्रार्थना करणार कोण? पाळकच. दुसऱ्या कुणी केलेली तिथे चालतच नसे.

असे पाळक घोगऱ्या आवाजात रोज एका घरी स्वतःला निरोप देत राहिले. प्रत्येक घरी सांगायचे, "हे प्रभू, तुझ्या या थकलेल्या सेवकाला विसावा दे." प्रत्येक घरी लोक म्हणायचे की पाळकसाहेब, आता अजिबात बोलू नका हं, अजून एक गीत म्हणू आणि मग जा.

जंगलात घरं एकोणचाळीस होती.

चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, पाळक नदी उतरून गेले. उंबराखाली पोचले. गाठोडं सोडायचंही राहिलं. तिथेच आडवे झाले.

दुपारी थोमाजी गवा त्यांना न्यायला आला. रजा त्या संध्याकाळी संपत होती. शिवाय सुखरूप परत आल्याबद्दल घरोघरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवायची, तिच्या तारखा लावायच्या होत्या.

त्याने हाक मारली. पाळक उठले नाहीत.

पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा पलीकडचे पोपट उडाले. पाळक काही उठले नाहीत.

हाक मारल्यावर पाळक उठले नाहीत असं एकोणीस वर्षांत झालं नव्हतं. जेवताना उठले, तापात उठले. म्हणजे आता एकच अर्थ होता. थोमाजी रडत रडत जंगलभर सांगत गेला. खरंच रडला, बाळांनो. त्याचं प्रेम होतं.

पाळकीणबाई धावत आल्या. पाळकांच्या कानावर एक माशी बसली. कान हलला, माशी उडाली. बाईंनी ते पाहिलं. मग डोळे पुसले आणि थोमाजीकडे वळल्या.

"दादा, पाळक गेले तर आपल्यात काय रीत आहे?"

"माती होईपर्यंत त्यांना कुणी हाक मारायची नाही, बाई. काम सांगायचं नाही."

"आणि माती कधी?"

"पाळकाची माती पाळकानेच करायची. परमुलखातून भेकर पाळकांना बोलवावं लागेल. चांगले तीन दिवस जातील."

"बोलवा," बाई म्हणाल्या. "सावकाश येऊ द्या."

त्या खोटं बोलल्या नाहीत. पाळक जिवंत आहेत का, असं त्यांना कुणी विचारलंच नाही.

मग बाई शेजारी बसून माश्या वारत राहिल्या.

इकडे खारीचं पिल्लू आजारी पडलं. पाळक नव्हते. शेजारची मुंगशीण गेली आणि पिल्लाजवळ बसून चार शब्द देवाशी बोलली. पिल्लू बरं झालं. पण हे दोघींनीही कुठे बोलून दाखवलं नाही. पाळकांशिवाय केलेली प्रार्थना लागू पडते, हे कळलं असतं तर पंचांना सभा घ्यावी लागली असती.

शनिवारी भेकर पाळक आले. लांबून चालत आले, वाटेत अकरा घरी प्रार्थना करून आले. त्यांनी सांबराकडे बराच वेळ पाहिलं. जन्मभर मयतं पाहिलेली, त्यांना कळायला काय लागतं. ते बाईंजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "बाई, इथे आणखी एका मयताला जागा होईल का?"

बाईंनी गाठोडं बाजूला सरकवलं.

रविवारी सकाळी सांबर उठले. "चहा आहे का?" असं विचारलं. आवाज नव्या घंटेसारखा होता.

ते देवळाशी गेले. सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत जमलेली. खड्डा खणलेला, हार आणलेले, चहाचं आधण चढलेलं. पाळकांना पाहून थोमाजीला आनंद झाला, पण अडचणही झाली.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "दहा वाजता तुमची माती आहे."

"असं का. कोण करतंय?"

"भेकर पाळक करणार होते. काल संध्याकाळी त्यांना हाक मारली. तेही उठले नाहीत."

साळिंदर म्हणालं की कार्यक्रम रद्द करता येणार नाही, ठराव झालाय.

"मग मी करतो," सांबर म्हणाले.

ते खड्ड्याशी उभे राहिले. म्हणाले, "गेलेला भाऊ फार गुणी होता. त्याला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. आज आपण त्याला मातीत ठेवतो." मंडळी हुंदके देऊन रडली. एवढी सुंदर माती या पाळकांनी कधी केली नव्हती, असं सगळ्यांचं मत पडलं. मग प्रत्येकाने रिकाम्या खड्ड्यात मूठमूठ माती टाकली आणि चहाकडे वळले.

खार पुढे आली. "पाळकसाहेब, दुपारी घरी या. तुम्ही उठलात म्हणून छोटीशी उपकारस्तुती ठेवू."

"पाळक वारले, बाई," सांबर प्रेमाने म्हणाले. "आताच माती झाली. तुम्ही होतात की."

आणि ते घरी जाऊन जेवले. पोटभर जेवले.

पंचांनी त्याच दिवशी सभा घेऊन नवा नियम केला. यापुढे पाळकांना रजा हवी असल्यास त्यांनी रीतसर मरावं, मात्र तसा अर्ज आठ दिवस आधी द्यावा.

तात्पर्य: बाळांनो, थकलेल्याने रजा मागू नये. रजा मागितली की लोक निरोप द्यायला येतात. त्यापेक्षा मरावं, तीन दिवस नक्की मिळतात. फक्त मातीला स्वतः हजर राहावं. लोक मायाळू असतात, ते खरीच करून टाकतात.