अळीविना दिवस : ८४

"पाण्याच्या रांजणाला, घाल बाई झाकणी,
उघड्या पाण्यामंदी, नांदती डाकिणी."

लातूरकडच्या गावात सकाळी रांजण भरताना आई ही ओवी गायची. त्याला चाळीस वर्षं झाली. सुरेंद्रला तिची चाल अजून पाठ होती, शब्दांकडे मात्र त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

सुरेंद्र चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात होता. केसाइतका ओरखडा दिसला तरी तो गाडीचा पार्ट परत पाठवी. अशा माणसाला चऱ्होलीच्या सोसायटीनं सेक्रेटरी केलं, म्हणजे वाघाला गोठ्याची राखण दिली. शेजारच्या इमारतीत डेंग्यू निघाला तेव्हा त्यानं सभेत जाहीर केलं, "महापालिकेच्या माणसांना आपल्याकडे एक अळी सापडली, तर मी राजीनामा देईन."

कंपनीच्या गेटवर अपघाताविना किती दिवस गेले त्याचा बोर्ड असतो. तसाच बोर्ड त्यानं सोसायटीच्या गेटवर लावला : अळीविना दिवस. रोज सकाळी वॉचमन साहेबराव आकडा बदलायचा आणि पोटात हसू दाबायचा.

दर आठवड्याला महापालिकेकडून पाणी तपासायला शालनबाई यायच्या. त्या चऱ्होलीच्याच जुन्या घरातल्या. हातात बॅटरी, खांद्याला पिशवी. कुंडीखालची ताटली असो की फ्रिजमागचा ट्रे, त्यांच्या नजरेतून थेंब सुटत नसे. गेल्या वर्षी कुणीतरी त्यांच्याविरुद्ध आरोग्य खात्याला निनावी पत्र पाठवलं होतं : "सदर महिला भर दुपारी येऊन नागरिकांची झोपमोड करते." बाईंना साहेबांसमोर उभं राहून खुलासा द्यावा लागला. पत्र लिहिणारा हात कुणाचा, हे सुरेंद्रला आणि त्याच्या जांभळ्या शाईच्या पेनाला तेवढं ठाऊक होतं.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी शालनबाई आल्या. सुरेंद्र फाइल घेऊन पुढे, बाई मागे, त्यांच्या मागे साहेबराव. टाक्या झाकलेल्या, ड्रम पालथे, गच्चीवरचे टायर भंगारात गेलेले.

"चांगलं ठिवलंय, दादा," बाई म्हणाल्या.

एवढ्यावर थांबला असता तर तो सुरेंद्र कसला? "घरी या," तो म्हणाला. "पुरावा दाखवतो."

आजवर त्यानं 'माझं घर मीच तपासतो' म्हणून बाईंना दारातूनच परत पाठवलं होतं. बाल्कनीतल्या फळीवर लोणच्याच्या बारा बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. दर आठवड्याला टाकीतलं पाणी काढून त्यानं नमुना जपून ठेवला होता, कंपनीत प्रत्येक लॉटचा ठेवतात तसा. प्रत्येक बाटलीवर तारखेचं लेबल, अक्षर मोत्यासारखं.

"झाकणं कुठायत?" बाईंनी विचारलं.

"मुद्दाम लावली नाहीत. नमुना नैसर्गिक अवस्थेत राहायला हवा."

बाईंनी बॅटरी मारली. पहिल्या बाटलीत काहीतरी वळवळलं. दुसरीत तर सगळं गावच जत्रेला निघालं होतं.

"दादा, ह्या अळ्या."

"छे, गाळ असेल."

"गाळ उलटा लटकून श्वास घेत न्हाई."

साहेबरावनं वाकून पाहिलं. "सायेब, नमुन्यांना पोरं झाली."

"हे नमुने तपासणीच्या कक्षेत येत नाहीत," सुरेंद्र घाईनं म्हणाला. "ते रेकॉर्ड आहे."

"डासाला रेकॉर्ड कळतंय व्हय? आठ-दहा दिसांत उडून जातोय त्यो."

बारापैकी नऊ बाटल्या भरलेल्या निघाल्या. सगळ्या सोसायटीला पुरतील एवढे डास सेक्रेटरीच्या घरात बाळसं धरत होते. इतक्यात आतून त्याची बायको सुमेधा कण्हली.

बाईंनी बॅटरी विझवली. "आत कोन हाय?"

"बायको. शाळेत पेपर तपासून थकलीये."

"ताप हाय का?"

सुरेंद्रनं फाइल चाळायला घेतली. ताप होता, आज तिसरा दिवस. पण ताप म्हटलं की डेंग्यू म्हणतील, मग बोर्डाचं काय? म्हणून तो त्याला थकवा म्हणत होता. शालनबाई सरळ आत गेल्या, सुमेधाच्या कपाळावर हात ठेवला, डोळ्यांमागं दुखतंय का विचारलं.

"दादा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. रक्त तपासायचं."

"उद्या सकाळी नेतो."

"उद्या न्हाई. रिक्षा बोलवा."

बाईंचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. आई रांजणापाशी बोलायची, तसा होता तो. त्यानं रिक्षा बोलावली. शालनबाई दवाखान्यात सोबत आल्या, रांगेत स्वतः उभ्या राहिल्या. डेंग्यूच निघाला. पेशी भराभर उतरत होत्या. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. आणखी दोन दिवस काढले असते, तर अवघड होतं."

सुरेंद्र बाहेरच्या बाकावर बसून राहिला. कंपनीत ओरखडा शोधणाऱ्या माणसाला घरातला ताप दिसला नव्हता.

सहाव्या दिवशी सुमेधा घरी आली. मधल्या काळात शालनबाईंनी सोसायटीत घरोघर ताप विचारला, धूर फवारून घेतला. बाटल्या रिकाम्या करून, घासून, उन्हात पालथ्या घातल्या. साहेबरावनं बोर्डावर शून्य लावलं. राजीनामा कुणी मागितला नाही. सगळ्यांना हसू आवरत नव्हतं, एवढंच.

पुढच्या खेपेला बाई आल्या तेव्हा सुरेंद्रनं स्वतः चहा केला. बाई बशीत ओतून फुंकर घालू लागल्या. तो समोर उभाच.

"बसा की, दादा."

"शालनबाई... गेल्या वर्षीचं ते पत्र. निनावी. ते मी लिहिलं होतं."

बाईंनी घोट घेतला. "ठावं हाय."

"कसं?"

"सायबानं दावलं व्हतं मला. जांभळी शाई, मोत्यावानी अक्षर. त्या दिशी तुमच्या बाटल्यांवर तेच बघितलं."

"अळ्यांच्या आधी?"

"आधी लेबलच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"आत ताई कण्हत व्हत्या. तुमचं पत्र कुटं पळून चाललं व्हतं?"

सुरेंद्र अखेर समोर बसला. "तुमच्यामुळं माझं घर राहिलं, बाई. तुम्ही आला नसता, तर मी बोर्डच बघत बसलो असतो."

शालनबाईंनी डोळ्याला पदर लावला, रिकामी बशी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धुऊन पालथी घाला. पानी साचतं."