म्हसकर सरांची तीन दगडांची चूल

मुलुंड पूर्वेच्या तमाम सुजाण नागरिकांना, विशेषतः ज्यांच्या घरी नजीकच्या काळात लग्न, मुंज किंवा वास्तुशांत आहे त्यांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या सोसायटीतले म्हसकर सर डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. त्यात कुणाचाही अपमान करण्याचा हेतू नसतो. कृपया आपापल्या व्याह्यांना आधीच कल्पना देऊन ठेवावी.

परबकाकूंना ही कल्पना कुणी दिली नव्हती. परबकाकू म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांच्या मुलाच्या रिसेप्शनला सर खाकी हाफपँट आणि गळ्यात स्कार्फ अशा संपूर्ण गणवेशात स्टेजवर चढले आणि त्यांनी डावा हात पुढे केला. नवऱ्या मुलाने उजवा दिला. दोघांचे हात बराच वेळ हवेत एकमेकांना चुकवत राहिले. मुलीकडच्यांचे चेहरे पडले. तेव्हा सरांनी खणखणीत आवाजात खुलासा केला, "स्काऊटचा हात डावा! हृदयाच्या जवळचा!" फोटोत नवरा मुलगा दोन्ही हात पसरून काहीतरी मागत असल्यासारखा दिसतो.

सरांचं वय बहात्तर. शाळेत पी.टी. शिकवायचे, तिथून रिटायर झाले. स्काऊटमधून मात्र नाही. दर रविवारी सकाळी आमच्या पंपरूमच्या मागे त्यांचं पथक भरतं. मुलगे-मुली मिळून अकरा जण. त्यातली एक माझी ओवी, वय वर्षं दहा.

"सज्ज?" हा सरांचा नमस्कार. तुम्ही कचरा टाकायला खाली उतरा, समोरून प्रश्न येतो, "सज्ज?" एकदा मी गमतीत म्हणालो, "सज्ज, सर!"

"मग सुतळी दाखवा."

माझ्या खिशात फक्त मोबाइल. सर म्हणाले, "याने गाठ मारणार?" आणि स्वतःच्या खिशातून वीतभर सुतळी, दोन सेफ्टीपिना, बँडेज आणि शिट्टी काढून दाखवली. मी कचऱ्याचा डबा घेऊन तसाच वर आलो.

पथकातल्या मुलांनी रोज एक चांगलं काम करायचं असतं. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि काम झालं की सोडायची. एका रविवारी परबकाकू भाजी घेऊन आल्या, तेव्हा अकराच्या अकरा गाठी सुटायच्या बाकी होत्या. एकाने मेथी घेतली, एकीने टोमॅटो, एकाने नुसतं लिंबू. शेवटच्या आर्यनला काहीच उरलं नाही, म्हणून त्याने काकूंची एक चप्पल मागून घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर पोचवली. काकू मागून एका पायात चप्पल घालून चढत होत्या आणि अख्ख्या जिन्याला मालवणीत ऐकवत होत्या. राग आला किंवा गहिवरून आलं की काकू थेट मालवणीवर उतरतात. नक्की काय झालंय, ते आपण ओळखायचं.

आणि सर खोटं बोलत नाहीत. अगदी मन राखायलासुद्धा नाही. गणपतीत मी गाणं म्हटलं आणि हौसेने विचारलं, "कसं झालं, सर?"

"बेसूर. पण आवाज मोठा आहे. आग लागली तर उपयोगी पडेल."

हे ओवीला लागलं. म्हणजे आग नव्हे, खरं बोलणं. परवा तिने माझा चष्मा फोडला आणि स्वतःच येऊन सांगितलं. मी ओरडायला तोंड उघडलं तर म्हणते, "बाबा, मी खरं बोलले ना?" झालं! रागवायचीही सोय उरली नाही. आता चादरीची घडी घालते, ताट उचलते. आम्ही दोघं नवरा-बायको जरा घाबरूनच असतो.

स्वयंपाक हीसुद्धा पथकातली एक परीक्षा. तीन दगडांची चूल, काडेपेटीतल्या दोनच काड्या. शिजवायचं, सरांना पान वाढायचं आणि म्हणायचं, "सर, जेवायला बसा." मग सर मांडी घालून बसतात आणि पुढ्यात येईल ते संपवतात. करपलेला भात, बिनमिठाचं पिठलं, काहीही.

त्या चुलीचा धूर एकदा परबकाकूंच्या वाळत घातलेल्या चादरींत शिरला. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. काकूंनी सरांना तोंडीही सांगितलं, "हा रविवार शेवटचा. पथक भरवा हवं तर, पण चूल बंद!"

एरवी शिट्टीच्या आवाजावरूनही भांडणारे सर एवढंच म्हणाले, "चूल तेवढी राहिली असती तर…"

"नाही म्हणजे नाही."

त्या शेवटच्या रविवारी पाळी आली ओवीची. लाकडं ओली. दोन्ही काड्या संपल्या, तेव्हा कुठे जाळ धरला. काकू हाताची घडी घालून पंपरूमला टेकून उभ्या, चूल विझेपर्यंत हलणार नाही अशा तयारीने. ओवीने खिचडी वाढली आणि म्हणाली, "सर, जेवायला बसा." पहिल्याच घासाला कर्रकन आवाज आला. तो बाजूला उभ्या असलेल्या मलाही ऐकू गेला.

"कशी झालीये, सर?"

"कच्ची. नापास. परत करावी लागेल. पुढच्या रविवारी…" मग सरांनी काकूंकडे पाहिलं आणि पुढचा घास घेतला.

ओवीने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ती "हो, सर" म्हणाली. सर जेवत राहिले. पान पुसून घेतलं आणि पुढे केलं. "वाढ अजून."

"नापास केलंत ना? मग खाताय कशाला?"

मी असतो तर काहीतरी थाप मारली असती. सर पानाकडे बघत म्हणाले,

"घरी मीच शिजवतो, मीच वाढतो, मीच जेवतो. हिला जाऊन आठ वर्षं झाली. 'जेवायला बसा' असं मला फक्त रविवारी कुणीतरी म्हणतं."

ओवीने पातेलं खरवडून दोन डाव वाढले. मी हळूच काकूंकडे पाहिलं. हाताची घडी सुटली होती आणि चेहरा लालबुंद झाला होता. पोरं दोन पावलं मागे सरली. आता काकू ओरडणार, हे आम्ही सगळ्यांनी ओळखलं, आणि काकू ओरडल्याच:

"मगे फकत रविवारच कित्याक? बुधवारी पण पेटवा ती चूल!"