तिसऱ्या अंकातली झोप

साठी उलटली तशी प्रॉम्प्टरकाकांना दिवेलागणीलाच पेंग येऊ लागली. पहाटे मात्र डोळे टक्क उघडे. नाटकं पहाटे होत असती तर काकांचा हात कुणी धरला नसता, पण ती रात्री होतात. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची हे त्यांचं काम, आणि गेल्या काही प्रयोगांत ते डुलक्या काढताना सापडले होते. आता आणखी एकदा झोपले की नोकरी गेली, असं दिग्दर्शकाने स्वच्छ सांगून टाकलं होतं.

काका हादरले. काका चोवीस तास घरात, ही कल्पना काकूंनाही सोसवेना. त्यांनी थर्मासभर कॉफी बरोबर दिली. पहिला अंक निभावला. दुसऱ्यात कॉफी संपली. तिसऱ्यात काका संपले.

रंगमंचावर मुलगा आजारी बापाची माफी मागायला आला होता. बाप आतल्या खोलीत. नायक "बाबा..." म्हणाला आणि पुढचं साफ विसरला. त्याने विंगेकडे कान लावला. विंगेतून लांबलचक घोरणं आलं.

"झोपलेत वाटतं," नायकाने वेळ मारून नेली.

सुनेचं काम करणाऱ्या नायिकेला हसू आवरेना. तिने ओंजळीत तोंड लपवलं, तिचे खांदे गदगदू लागले. सून रडतेय असं वाटून पुढच्या रांगेतल्या बाईंनी रुमाल काढला. मध्येच घोरणं थांबलं तेव्हा अख्ख्या प्रेक्षागृहाने श्वास रोखला, आणि ते पुन्हा सुरू होताच टाळ्यांचा कडकडाट झाला.

काका दचकून जागे झाले. पडदा पडल्यावर ते मागच्या दाराने सटकत होते, तेवढ्यात दिग्दर्शकाने गाठलं.

"काका, काय झोपलात! आता दर प्रयोगाला अस्संच पाहिजे."

काकूंना यातलं काही पटलं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी काकांना डॉक्टरांपुढे उभं केलं.

"वयाबरोबर शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळच्या उन्हात बसत चला."

काकूंनी रोज गच्चीत खुर्ची टाकली.

"अगं, मला आता झोपायचेच पैसे मिळतात!"

"चारचौघांत बोलू नका असलं काही. बसा गुपचूप."

पुढच्या प्रयोगापर्यंत उन्हाने गुण दिला. तिसरा अंक आला आणि काका लख्ख जागे. त्यांनी डोळे मिटले, कूस बदलावी तसे खुर्चीत वळले, जांभईही देऊन पाहिली. नायक "बाबा..." म्हणून थांबला. आता इभ्रतीचा प्रश्न होता. काका खोटंखोटं घोरले.

"म्हातारा सोंग करतोय!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि प्रेक्षक खो खो हसत सुटले.

दिग्दर्शक तरातरा विंगेत आला. "काका, इतकी वर्षं काम करताय तुम्ही. ऐन प्रयोगात जागं राहणं शोभतं का?"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं," ते खाली मान घालून म्हणाले. "जरा डोळा उघडा राहिला."